नवी की जुनी? ३५० सीसीच्या रेषेवरचा सौदा

नांदुरा : अकोल्याहून जळगावच्या दिशेने राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५३ धरला, की नांदुरा आल्याची खूण दुरूनच पटते. १०५ फूट उंचीची हनुमानमूर्ती महामार्गालगत उभी आहे. २०१० च्या फेररचनेपूर्वी हा रस्ता क्रमांक ६ म्हणून ओळखला जाई. याच महामार्गावरील अमरावती ते अकोला टप्प्यात जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटर डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत पूर्ण करून विश्वविक्रम नोंदवला गेला. चांगला रस्ता दारावरून गेला की चांगल्या गाडीची ओढ लागते, हे ओघानेच आले. एकेकाळी पाटील-देशमुखांच्या वाड्यासमोर उभी असलेली 'बुलेट' आता कापसाचा व्यापारी, शिक्षक, पुण्यात नोकरी करून सणाला गावी येणारा संगणक अभियंता अशा सर्वांच्याच इच्छेच्या यादीत आहे. इच्छेपुढचा प्रश्न मात्र बदललेला नाही : नवी घ्यावी, की कोणाची तरी दोन-तीन वर्षे वापरलेली?

शंभर-सव्वाशे सीसीच्या गाडीबाबत हा प्रश्न फारसा अवघड नसतो. ती गाडी दळण आणण्यापासून शेतावर जाण्यापर्यंत सगळीकडे लागते, मेस्त्री प्रत्येक चौकात आहे आणि फसगत झालीच तर ती काही हजारांची असते. तीनशे, चारशे, साडेसहाशे सीसीची गाडी ही गरजेची वस्तू नव्हे, हौसेची आहे. किंमत दोन लाखांपासून साडेतीन-चार लाखांपर्यंत जाते. अशा खरेदीचे गणित २२ सप्टेंबर २०२५ पासून मुळातून बदलले आहे. खेदाची गोष्ट अशी, की ग्राहक अजूनही जुन्याच ठोकताळ्यांवर सौदे करताना दिसतात.

रेषा ३५० ची

वस्तू व सेवा कराच्या नव्या रचनेत मोटारसायकलींचे दोन वर्ग झाले. ३५० सीसीपर्यंतच्या इंजिनावरील कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. त्यापुढील इंजिनांवर पूर्वी २८ टक्के कर आणि ३ टक्के उपकर असा ३१ टक्क्यांचा भार होता. तो सरसकट ४० टक्के झाला. म्हणजे एका बाजूला दहा टक्क्यांची घट आणि दुसऱ्या बाजूला नऊ टक्क्यांची वाढ. ३४९ सीसीची क्लासिक रेषेच्या अलीकडे राहिली. ३९८ सीसीची ट्रायम्फ स्पीड ४००, ३७३ सीसीची डॉमिनार, ४४० सीसीची हार्ले एक्स ४४०, ४५२ सीसीची हिमालयन आणि ६४८ सीसीची इंटरसेप्टर पलीकडे गेल्या.

हा फरक रुपयांत मांडून पाहावा. करबदलापूर्वी एखाद्या मोठ्या गाडीची शोरूमची किंमत ३ लाख रुपये होती असे समजू. त्यातील करपूर्व किंमत सुमारे २ लाख २९ हजार. तिच्यावर ४० टक्के आकारले की किंमत ३ लाख २० हजार ६०० च्या आसपास जाते, म्हणजे वाढ साधारण साडेवीस हजारांची. याउलट २ लाखांची ३५० सीसीच्या आतील गाडी १ लाख ८४ हजारांवर येते. या साडेवीस हजारांचा अर्थ नांदुऱ्याच्या मोजमापाने लावायचा, तर २०२५-२६ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता. म्हणजे केवळ वाढलेल्या करापोटी जवळजवळ चार क्विंटल सोयाबीन. तेही हमीभाव पदरात पडला तर.

अर्थात सर्वच कंपन्यांनी हा बोजा तत्काळ ग्राहकावर टाकला नाही. काहींनी सुरुवातीला वाढ स्वतः सोसून किमती स्थिर ठेवल्या. रॉयल एनफिल्डने मात्र आपल्या ४५० आणि ६५० सीसी गाड्यांच्या किमती वाढवल्या. कंपनीने सोसलेली वाढ ही कायमची सवलत नसते, हे खरेदीदाराने ध्यानात ठेवलेले बरे.

या बदलाचा जुन्या गाड्यांच्या बाजारावर झालेला परिणाम अधिक लक्षणीय आहे आणि त्याची चर्चा कमी झाली आहे. नव्या गाडीची किंमत ही जुन्या गाडीच्या किमतीची छत असते. रेषेच्या आतील नवी गाडी पंधरा-वीस हजारांनी स्वस्त झाली, तेव्हा त्याच नमुन्याची दोन वर्षे वापरलेली गाडी बसल्या जागी तेवढ्याने उतरायला हवी. परंतु विकणाऱ्याने ती जुन्या, चढ्या कराने घेतलेली असते. त्याच्या डोक्यात त्या वेळचे बिल असते आणि तो त्याच बिलावरून किंमत सांगतो. रेषेपलीकडे नेमके उलट घडते. तेथे नव्या गाडीची छत वर गेल्यामुळे जुनीला आधार मिळाला. तरीही ३१ टक्के कराच्या काळात घेतलेली चांगली गाडी आजच्या नवीच्या तुलनेत पूर्वीपेक्षा अधिक किफायतशीर ठरू शकते. किंबहुना, पहिला कौल येथेच मिळतो : ३५० च्या आत जुनी घेण्याचे कारण पूर्वीइतके राहिलेले नाही, आणि ३५० च्या पलीकडे नवी घेण्याचे कारण पूर्वीपेक्षा कमी झाले आहे.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. कर घनसेंटिमीटरवर आहे, अश्वशक्तीवर नाही. ३४९ सीसीची क्लासिक वीस अश्वशक्तीची, तर ३१२ सीसीची टीव्हीएस अपाची आरटीआर ३१० पस्तीसच्या घरातली. दोन्हींवर कर १८ टक्केच. तेव्हा ज्याला खरोखर ताकद हवी आहे, धडधडणारा आवाज आणि रुबाब नको आहे, त्याला रेषेच्या आतही ती मिळते. पण आपल्याकडे 'किती सीसीची?' हाच पहिला प्रश्न असतो, आणि शक्ती विचारणारा शेजारी अजून भेटायचा आहे.

पहिल्या मालकाने भरलेले पैसे

मोठ्या गाडीच्या किमतीचा बराच भाग गाडीत नसतोच. महाराष्ट्रात २९९ सीसीहून मोठ्या मोटारसायकलीवर १२ टक्के एकरकमी वाहनकर आहे. तो पहिला मालक भरतो. राज्यातल्या राज्यात गाडी विकली गेली तर दुसऱ्या मालकाला तो पुन्हा भरावा लागत नाही, आणि विकताना पहिल्याला परतही मिळत नाही. विम्याचेही तसेच. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा तृतीय पक्ष विमा एकदम घ्यावा लागतो. जून २०२२ मध्ये ठरलेल्या दरांनुसार १५० ते ३५० सीसीच्या गाडीसाठी पाच वर्षांचा हप्ता ७,३६५ रुपये, तर ३५० च्या पुढे तो एकदम १५,११७ रुपये. वरचा जीएसटी वेगळा. येथेही रेषा ३५० चीच.

वरील उदाहरणातील ३ लाख २० हजारांची नवी गाडी कर आणि तृतीय पक्ष विमा मिळून पावणेचार लाखांना भिडते. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा, हेल्मेट, लेग गार्ड वगैरे धरले तर त्याही पुढे. आता हीच गाडी दोन वर्षे पूर्ण करून बाजारात येते तेव्हा काय होते? विमा कंपन्या गाडीचे घोषित मूल्य ठरवताना शोरूमच्या किमतीतून वयानुसार घसारा वजा करतात : सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४० आणि पाचपर्यंत ५० टक्के. तीन लाखांच्या गाडीचे तिसऱ्या वर्षातील घोषित मूल्य त्या हिशेबाने २ लाख १० हजार भरते. हे बाजारमूल्य नव्हे. लोकप्रिय गाडी याहून वर जाते, कमी खपाची खाली. पण घासाघीस सुरू करण्यासाठी पॉलिसीवर छापलेला हा आकडा हाताशी असावा. विक्रेत्याने स्वतःच तो मान्य करून सही केलेली असते.

विम्याबाबत आणखी एक गैरसमज दूर करण्यासारखा आहे. 'पन्नास टक्के नो क्लेम बोनस चालू आहे' असे सांगून जुनी गाडी महाग विकली जाते. तो बोनस गाडीचा नसून विमाधारकाचा असतो. गाडी विकली की तो मूळ मालकाबरोबर जातो, आणि नव्या मालकाला शून्यापासून सुरुवात करावी लागते.

कर्जाचा विचार केला की ग्रामीण आणि शहरी ग्राहकाच्या वाटा वेगळ्या होतात. तीन लाखांचे कर्ज ११ टक्के व्याजाने तीन वर्षांसाठी घेतले असे धरले तर हप्ता महिना ९,८०० रुपयांच्या वर आणि एकूण व्याज ५३ हजारांहून अधिक. पुण्या-मुंबईतील पगारदाराला हा हप्ता दर महिन्याला पगारातून कापून देता येतो. नांदुरा परिसरातील शेतकरी कुटुंबाकडे पैसा खरिपाच्या कापूस-सोयाबीनच्या विक्रीनंतर एकदाच येतो, आणि हप्ता मात्र बाराही महिने येतो. ज्येष्ठ-आषाढात बियाणे, खते आणि गाडीचा हप्ता एकाच वेळी दारात उभे राहतात. जुन्या वाहनासाठी मिळणाऱ्या कर्जाचा व्याजदर सहसा नव्यापेक्षा जास्त असतो, हे खरे. पण जुनी गाडी रोखीने घेण्याची शक्यता असते, आणि हंगामी उत्पन्नाच्या घरात तीच तिची मोठी जमेची बाजू ठरते.

पुण्याची गाडी, नांदुऱ्याचा मालक

मोठ्या इंजिनाच्या जुन्या गाड्या प्रामुख्याने पुणे, मुंबई, नाशिक, नागपूर या शहरांतून निघतात. हौसेने घेतलेली, वाहतूककोंडीत तापणारी, वर्षाला चार-पाच हजार किलोमीटरच फिरलेली गाडी मालक दोन-तीन वर्षांत विकायला काढतो. कमी चाललेली गाडी हवी असेल तर शहराकडेच पाहावे लागते. नांदुरा मध्य रेल्वेच्या भुसावळ-नागपूर मार्गावर असल्याने गाडी आणणे कठीण नाही. कठीण आहे ते कागद आणणे.

एमएच १२ ची गाडी एमएच २८ च्या म्हणजे बुलडाण्याच्या हद्दीत कायमची यायची, तर मूळ परिवहन कार्यालयाचे ना हरकत प्रमाणपत्र, नमुना २९ व ३०, विमा, पीयूसी आणि दोन्ही पक्षांची ओळखपत्रे लागतात. क्रमांक तोच राहतो, कर पुन्हा लागत नाही. राज्याबाहेरची गाडी मात्र निराळे प्रकरण आहे. जळगाव जामोदच्या उत्तरेला लगेच मध्य प्रदेशाची हद्द लागते. तिकडची गाडी पंचवीस-तीस हजारांनी स्वस्त दिसते. ती बारा महिन्यांहून अधिक काळ येथे ठेवायची तर महाराष्ट्रात नव्याने नोंदणी आणि येथील कर भरणे आले. मूळ राज्यातील कराचा परतावा मागावा लागतो तो वेगळाच. बहुतेकांची बचत येथेच संपते.

कायदा याबाबत स्पष्ट आहे. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ५० नुसार राज्यातल्या राज्यात गाडी विकणाऱ्याने चौदा दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवायचे आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत नाव लावून घ्यायचे. प्रत्यक्षात काय होते? विकणारा नमुना २९ आणि ३० वर कोऱ्या सह्या करतो, पैसे घेतो आणि विषय मिटला असे समजतो. घेणारा ते कागद कपाटात ठेवतो, कारण वर्षभराने गाडी पुढे विकायचीच आहे. मधल्या मध्ये आपले नाव कशाला? दलालालाही हेच सोयीचे. अशा रीतीने गाडी तीन-तीन हात फिरते आणि नोंदणी पुस्तिकेत नाव पहिल्याचेच राहते.

सर्वोच्च न्यायालयाने ६ फेब्रुवारी २०१८ रोजी नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या प्रकरणात याच प्रथेवर बोट ठेवले. नोंदणीकृत मालकाने २००७ मध्ये वाहन विकले होते; त्यानंतर ते आणखी हातांत गेले आणि मे २००९ मध्ये त्या वाहनाने अपघात झाला. नुकसानभरपाई कोणी द्यायची? उच्च न्यायालयाने शेवटच्या खरेदीदारावर जबाबदारी टाकली होती. सर्वोच्च न्यायालयाने ती फिरवली. परिवहन कार्यालयाच्या दप्तरी ज्याचे नाव, तोच कायद्याने मालक आणि तोच दायित्वाचा धनी. अपघातग्रस्ताने खरेदीदारांच्या साखळीचा माग काढत फिरावे अशी अपेक्षा करता येणार नाही, असा या निकालाचा आशय आहे.

पुण्यातील विक्रेत्याने याचा अर्थ नीट समजून घ्यावा. आपण विकलेली पंचेचाळीस अश्वशक्तीची गाडी शेकडो किलोमीटर दूर कोणी अनोळखी तरुण चालवतो आहे, तिचा विमा संपला आहे आणि पुस्तिकेवर नाव आपले आहे, ही परिस्थिती घर-संसार असलेल्या माणसाने ओढवून घेण्यासारखी नव्हे. घेणाऱ्याचेही नुकसान आहेच. नाव बदलल्याशिवाय विमा त्याच्या नावावर होत नाही, आणि गाडी चोरीस गेली वा अपघातात मोडली तर स्वतःच्या नुकसानीचा दावा अडकतो. प्रस्तुत प्रतिनिधीने काही वर्षांपूर्वी आपली जुनी दुचाकी अशीच कोऱ्या सह्यांवर दिली होती. पुढे कित्येक महिने दुसऱ्याच गावातील सिग्नल तोडल्याची चलने मोबाइलवर येत राहिली. दंड किरकोळ होता. पण त्या संदेशांच्या जागी न्यायालयाची नोटीस आली असती तर काय, हा विचार तेव्हा सुचला नव्हता.

मध्यस्थाकडून गाडी घ्यायची असल्यास डिसेंबर २०२२ मध्ये अधिसूचित होऊन १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या केंद्रीय नियमांची माहिती असावी. त्यांनुसार जुन्या वाहनांच्या विक्रेत्याला परिवहन खात्याकडे नोंदणी करून प्राधिकारपत्र घ्यावे लागते. मालकाने गाडी त्याच्या हवाली केल्याचे ऑनलाइन कळवले की, ती पुढे विकली जाईपर्यंत तो विक्रेताच मानीव मालक ठरतो आणि जबाबदारीही त्याची. विकणाऱ्याला यापेक्षा चांगले संरक्षण नाही. तालुक्याच्या गावातील गॅरेजसमोर गाड्या लावून विकणाऱ्याकडे हे प्राधिकारपत्र आहे का, हे विचारायला संकोच वाटू नये. नोंदणीकृत व्यापारी आपल्या नफ्याच्या फरकावर १८ टक्के जीएसटी भरतो (जानेवारी २०२५ पूर्वी दुचाकींसाठी तो १२ टक्के होता). दोन खासगी व्यक्तींमधील व्यवहाराला तो लागू नाही. दलालाने 'जीएसटी तुम्हाला द्यावा लागेल' म्हणून पूर्ण किमतीवर टक्केवारी लावली, तर तो हिशेब तपासून घ्यावा.

राहिलेल्या कागदांत बँकेचा बोजा सर्वांत महत्त्वाचा. कर्ज फिटले असे तोंडी सांगणे पुरेसे नाही. बँकेचे पत्र आणि नमुना ३५ देऊन पुस्तिकेवरील बोजा प्रत्यक्ष उतरलेला असला पाहिजे. थकीत चलने आणि विम्याची मुदत परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर गाडीच्या क्रमांकावरून कळतात. गाडी चोरीची आहे का, हे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 'वाहन समन्वय' सेवेवर पाहता येते. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या गाडीला उच्च सुरक्षा पाटी बसवलेली आहे ना, एवढे पाहिले की कागद झाले.

मेस्त्री किती दूर?

खरी अडचण गाडी दारात आल्यावर सुरू होते, आणि ती शहरातल्या वाचकाला सहसा सुचत नाही. पुण्यात मोठ्या गाडीचे अधिकृत सर्व्हिस सेंटर पाच-सात किलोमीटरवर असते. नांदुऱ्याहून खामगाव वा मलकापूर पंचवीस-तीस किलोमीटरच्या आत आहे, अकोला सुमारे सत्तर आणि जळगाव शंभराच्या आसपास. ज्या कंपनीचे कामाचे केंद्र फक्त मोठ्या शहरात आहे, तिच्या गाडीची प्रत्येक सर्व्हिस म्हणजे एका दिवसाची रजा, आणि गाडी बंद पडली तर टेम्पोचे भाडे. नव्या गाडीची वॉरंटी हा तिचा मोठा गुण मानला जातो. पण वॉरंटी टिकवायची तर ठरल्या किलोमीटरला अधिकृत केंद्रातच जावे लागते. जवळ केंद्र नसेल तर वॉरंटीसाठी जास्तीचे पैसे मोजण्यात फारसा अर्थ उरत नाही.

कंपनीच्या मुक्कामाचाही भरवसा पाहावा लागतो. हार्ले-डेव्हिडसनने सप्टेंबर २०२० मध्ये भारतातील उत्पादन थांबवण्याची घोषणा केली, तेव्हा येथे तयार होणाऱ्या स्ट्रीट ७५० च्या मालकांपुढे सुट्या भागांचे काय, हा प्रश्न उभा राहिला. पुढे ऑक्टोबरमध्ये हिरो मोटोकॉर्पशी करार झाल्याने विक्री व सेवेची व्यवस्था लागली. पण ज्या काळात अनिश्चितता होती, त्या काळात जुन्या गाडीचा भाव कोणी विचारत नव्हते. आज स्ट्रीट ७५० स्वस्तात मिळते ती याचमुळे. नांदुऱ्यात बसून ती घेणे हे धाडस आहे.

याच्या उलट टोकाला राजदूत ३५० आहे. एस्कॉर्ट्सने १९८३ साली यामाहाच्या सहकार्याने आणलेली ही दोन सिलिंडरची गाडी त्या काळी पेट्रोल पिते म्हणून नाकारली गेली आणि दशक संपता संपता बंद पडली. आता ती संग्राहकांची वस्तू झाली आहे. यामाहा आरएक्स १०० चेही तसेच. अशा गाड्यांचा विचार वाहन म्हणून करू नये; सुटे भाग शोधण्याची आवड आणि सवड असणाऱ्यांचा तो प्रांत आहे.

जुनी गाडी पाहायला जाताना ती थंड असताना पाहावी, असे जाणते मेस्त्री सांगतात ते उगाच नव्हे. गरम इंजिन आपले दोष लपवते. इंजिनाला हात लावून, ते थंड आहे ना याची खात्री करून मगच सुरू करायला सांगावे. टायरवरचा चार अंकी आकडा आठवडा आणि वर्ष सांगतो : २४२३ म्हणजे २०२३ चा चोविसावा आठवडा. मीटरवर आठ हजार किलोमीटर दिसत असताना टायर मूळचे नसतील, तर मीटर खोटा तरी आहे किंवा गाडीची कहाणी वेगळी आहे. पुढच्या शॉकॲब्सॉर्बरच्या नळीवर तेलाचा थर, हँडल वळवताना मध्येच अडकणे, लेग गार्ड नवा आणि त्याच्या मागचे इंजिनाचे झाकण खरचटलेले, या गोष्टी पडलेल्या गाडीच्या खुणा आहेत. चेन-स्प्रॉकेट, क्लच प्लेट, टायर यांची झीज हा दोष नव्हे, तो खर्च आहे. अधिकृत केंद्रातून भाव काढून किमतीतून वजा करून घ्यावा. मोठ्या गाडीच्या रुंद रेडियल टायरची जोडी सव्वाशे सीसीच्या गाडीच्या टायरांच्या भावात येत नाही, हे पहिल्यांदाच मोठी गाडी घेणाऱ्याच्या लक्षात उशिरा येते.

गाडीच्या जन्मतारखेलाही महत्त्व आहे. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीहून मोठ्या सर्व नव्या दुचाकींना एबीएस सक्तीचे झाले. त्याआधीच्या अनेक गाड्यांत ते नाही. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल ट्रॅक्टरच्या चाकांनी डांबरावर आणून टाकलेला असतो, त्या रस्त्यावर दीड-दोनशे किलोची गाडी एबीएसविना थांबवणे हा खेळ नव्हे. एप्रिल २०२० पासून बीएस-सहा आले, आणि एप्रिल २०२३ नंतरच्या गाड्या वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल सोसतील अशा साहित्याच्या आहेत. जुन्या गाड्यांबाबत पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये दिलेल्या खुलाशात वीस-तीस हजार किलोमीटरनंतर काही रबरी भाग व गॅस्केट बदलावे लागू शकतात, हे मान्य केले होते. घाबरून जाण्यासारखे त्यात काही नाही. मात्र एप्रिल २०२३ नंतरची गाडी थोड्या जास्त पैशांत मिळत असेल तर ती घ्यावी.

बदललेला सायलेन्सर हा जुन्या मोठ्या गाडीचा नेहमीचा 'दागिना'. विक्रेता त्याचे वेगळे दहा-पंधरा हजार सांगतो. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये कंपनीच्या मूळ रचनेत बदल करता येणार नाही असा निर्वाळा दिलेला आहे आणि सुधारित कायद्यात असा बदल करणाऱ्या मालकाला दंडाची तरतूद आहे. मूळ सायलेन्सर सोबत मिळत नसेल तर तो विकत घेण्याचा खर्च उलट किमतीतून कमी करायला हवा.

वेग कोठे वापरणार?

बुलडाणा जिल्ह्याच्या वाट्याला राज्यातील सर्वांत वेगवान रस्ता आला आहे. ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग मेहकर आणि सिंदखेडराजा परिसरातून जातो आणि ५ जून २०२५ पासून तो पूर्ण लांबीने खुला आहे. त्यावर दुचाकींना बंदी आहे. राहता राहिला दारावरचा ५३ क्रमांक. केंद्राच्या २०१८ च्या अधिसूचनेनुसार चौपदरी रस्त्यावर मोटारसायकलीची कमाल वेगमर्यादा ताशी ८० किलोमीटर आहे. हा वेग वीस अश्वशक्तीची गाडी सहज गाठते. पंचेचाळीस अश्वशक्तीचा उपयोग ओव्हरटेक करताना, मागे माणूस आणि सामान असताना होतो, यात शंका नाही. पण त्यासाठी दीड लाख जास्त मोजायचे का, हे प्रत्येकाने आपल्यापुरते ठरवावे.

युरोपीय संघात अठरा वर्षांच्या तरुणाला ३५ किलोवॉट, म्हणजे सुमारे ४७ अश्वशक्तीपर्यंतच्याच मोटारसायकलीचा परवाना मिळतो. त्यापुढची हवी तर दोन वर्षांचा अनुभव आणि पुन्हा परीक्षा, किंवा वयाची चोविशी. आपल्याकडे गिअरच्या दुचाकीचा परवाना एकच. शंभर सीसीच्या गाडीवर आठ काढून दाखवणाऱ्याला दुसऱ्या दिवशी साडेसहाशे सीसीची गाडी कायदेशीरपणे चालवता येते. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ जणांचा मृत्यू झाला, त्यांतील ४४.५ टक्के दुचाकीवरचे होते. परवान्याची ही पायरी आपल्याकडे कायद्याने घातलेली नसल्याने ती घरातल्या थोरांनीच घालायची असते. अठरा-वीस वर्षांच्या मुलासाठी पहिलीच गाडी म्हणून चारशे सीसीची जुनी गाडी स्वस्त मिळते म्हणून घेऊन देणे, हा या सर्व पर्यायांतला सर्वांत वाईट पर्याय होय.

या प्रतिनिधीचे मत विचाराल तर असे : साडेतीनशेच्या आतली गाडी घ्यायची असेल, तर ती खामगाव-मलकापूरला सर्व्हिस होणाऱ्या कंपनीची नवी घ्यावी, जुन्या कराच्या बिलावर अडून बसलेल्या विक्रेत्याची समजूत घालण्यात वेळ दवडू नये. त्यापुढची हवीच असेल आणि आधी काही वर्षे मोठी गाडी चालवलेली असेल, तर २०२३ नंतरची, एकाच मालकाची, बोजा उतरलेली जुनी गाडी घ्यावी, आणि अकोल्याला वर्षातून दोन-तीन चकरा मारण्याची तयारी ठेवावी. पैसे दोन टप्प्यांत द्यावेत; शेवटचा हप्ता ना हरकत प्रमाणपत्र हातात पडल्यावर. याला तयार नसलेला विक्रेता सोडून द्यावा, गाडी कितीही चांगली असो.

वेळेचेही थोडे पाहावे. दसरा-दिवाळीत शहरातले हौशी लोक नवी गाडी घेतात आणि जुनी विकायला काढतात. जाहिराती तेव्हा वाढतात, पण मागणीही असते म्हणून भाव उतरत नाही. १ जानेवारी उजाडला की मात्र प्रत्येक गाडी कागदावर एका वर्षाने जुनी होते. डिसेंबरात एक लाख नव्वद हजारांवर अडलेला विक्रेता जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात स्वतःहून फोन करतो, आणि नांदुऱ्याच्या शेतकऱ्याच्या हातात कापसाचे पैसेही साधारण त्याच सुमारास आलेले असतात.